पाणी_दिवस

गोंदियाच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी पीएचपी शिकवते. न बदलणारी किंमत, म्हणजे कॉन्स्टंट, दोन तऱ्हांनी जाहीर करता येते, डिफाइन लिहून किंवा कॉन्स्ट लिहून, हे मी दर बॅचला सांगते. फरक विचारला की परवा-परवापर्यंत मी म्हणायची, "सवयीचा प्रश्न आहे, कोणतंही वापरा."

इटियाडोहच्या कालव्यावर माझ्या मामाचं गाव आहे आणि तिथल्या पाणीवाटप संस्थेचा मामा अध्यक्ष. उन्हाळी धानाला कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी पाणी जाणार, हे सांगणारं एक वेबपान त्यानं माझ्याकडून करून घेतलं. कालव्याच्या वरच्या गटाला तीन दिवस, शेवटच्या टोकाच्या गटाला तीन दिवस. मी तो आकडा डिफाइननं पक्का केला. नाव आधी पाळी_दिवस ठेवलं होतं, पण क्लासातल्या मुली हसायला लागल्या म्हणून पाणी_दिवस केलं. एकदा लिहिलेला हा आकडा मधेच कोणी बदलू शकत नाही, हे ऐकून मामा फार खूश झाला. अध्यक्षाचं नावही तसंच लिहून टाक म्हणाला.

पुढं संस्थेच्या बैठकीत टोकाच्या लोकांना एक दिवस वाढवून मिळाला, कारण त्यांच्यापर्यंत पाणी पोचण्यातच एक दिवस जातो. मामानं फोन केला तेव्हा माझा तास सुरू होता. मी घाईघाईनं नवी फाइल उघडली, त्यात टोकाच्या गटासाठी कॉन्स्ट पाणी_दिवस चार असं लिहिलं आणि "झालं" म्हणून कळवलं.

झालं काहीच नव्हतं. एकदा जाहीर झालेलं कॉन्स्टंट पुन्हा जाहीर केलं की पीएचपी एक सूचना देतं आणि जुनीच किंमत धरून बसतं. गावकऱ्यांना इंग्रजी सूचना दिसायला नकोत म्हणून त्या मीच बंद करून ठेवलेल्या. टोकाच्या पाळीच्या चौथ्या दिवशी सकाळी कालव्याच्या गेटवरच्या चौकीदारानं मोबाइलवर पान पाहिलं आणि टोकाचं पाणी बंद केलं.

मामाचा फोन आला आणि मी तशीच बस धरून गावात गेले. ओसरीवर टोकाच्या शेतातली एक काकू बसली होती, पायाला चिखल तसाच. मामा तिची समजूत काढून थकला होता. मी लॅपटॉप उघडला आणि चूक कशी झाली ते तिला सांगितलं: पहिल्यांदा लिहिलेलं तेवढंच खरं धरतात, नंतरचं ऐकत नाहीत.

"आमच्या पाटावर बी तसंच होऊन राहिलं," ती मामाकडे बघत म्हणाली. मामाची बांधी पाटाच्या तोंडाशी आहे. तो चहा सांगायला आत गेला.

मी दोन्ही जुन्या ओळी पुसून अट घातली: गट टोकाचा असेल तर कॉन्स्ट चार, नाहीतर तीन. पान उघडलंच नाही. कॉन्स्टला अटीच्या आत घेतच नाहीत, डिफाइनला घेतात. इतकी वर्षं "सवयीचा प्रश्न" म्हणणारी मी, काकूच्या समोर कान लाल करून बसले. अटीत डिफाइन लिहिलं तेव्हा कुठे टोकाच्या गटासमोर चार दिसले, आणि मामानं लगेच चौकीदाराला फोन लावला.

काकू काही उठली नाही. "पुढच्या टायमाले पाच झाले त?"

मी पुन्हा येऊन बदलीन म्हणाले.

"पाणी त कमीजास्त होतेच. मंग ते पक्कं कायले करून ठेवलं, बाई?"

मी सगळं खोडलं, दिवसांसाठी साधा बदलता आकडा ठेवला आणि बैठकीनंतर तो मामानंच भरावा, अशी एक चौकट करून दिली. मामाला हे फारसं आवडलं नाही. मग मी काकूबरोबर तिच्या शेतापर्यंत गेले. पाट अजून ओला होता, म्हणून या खेपेला पाण्याला पूर्ण दिवस लागणार नव्हता, पण ते यायचं होतं. आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पाणी आलं तेव्हा ती मला तिथंच सोडून फावडं घेऊन बांधीत उतरली.

पुढच्या आठवड्यात क्लासात मी दोन्ही तऱ्हांमधला फरक नीट शिकवला आणि घरातली कधीच न बदलणारी एक गोष्ट लिहून आणायला सांगितली. दवनीवाड्याहून येणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं, 'मावशीचं वय'. दुसरीनं बाबांचं मत लिहिलं, मग खोडून पुन्हा लिहिलं. दोघींनाही मी बरोबरची खूण दिली.