काळ्या पाण्याची बाटली

साफ्याच्या खळीचा वास आला की जयपूरच्या आमच्या व्यापारी मंडळातली ती जुनी सभा आठवते आणि थकायलाच होतं. विहिरीला असं पाणी येतंय, आता कापड रंगवू कशात, हे सरकारी साहेबांना विचारायला एक म्हातारा रंगारी काळ्या पाण्याची बाटली मांडीवर धरून पहिल्या रांगेत बसला होता. साहेबांना साफा बांधण्यात, हार-शाली घालण्यात, फोटो काढण्यात तास गेला आणि त्यांची निघायची वेळ झाली. म्हाताऱ्याने बाटली मंडळाच्या ऑफिसातल्या माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडमजी, अगली बार दिखा देना." बाटलीतला गाळ केव्हाच तळाशी बसलाय. उद्या आणखी एक नवे साहेब येताहेत, आणि सकाळी मी पहिला फोन केला तो साफेवाल्याला.