चौदाव्यानंतरचा मुक्काम

खेमसिंग आडे आणि मी दारव्ह्याच्या एकाच शाळेत मास्तर होतो. तो इतिहास शिकवायचा, मी गणित. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातला तो पहिला एम.ए. आणि १९६२ च्या उन्हाळ्यात त्याचा पीएच.डी.चा प्रबंध शेवटाला आला होता. विषय घरचाच. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ज्या वाटांनी हिंडायचे, त्या वाटा. रेल्वे आली, ही लदेणी बंद पडली आणि वाटा म्हाताऱ्यांच्या तोंडीच तेवढ्या उरल्या.

सात प्रकरणं झाली होती, नकाशे झाले होते. कचेरीसमोर बसणारा मोहिउद्दीन टायपिस्ट कार्बन लावून पानं काढत होता. अशात नागपूरहून मार्गदर्शक डॉ. वझलवारांनी मुक्कामांची यादी परत धाडली. चौदाव्या आणि पंधराव्या मुक्कामाच्या मध्ये लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाकी सारे मुक्काम आठ-नऊ मैलांवर, इथेच एकोणीस. लादलेला बैल इतका चालेल का? मधला मुक्काम सुटला आहे. शोधून लिहा.'

ही यादी खेमसिंगनं त्याच्या तांड्यातल्या मोतीबाईकडून उतरवून घेतली होती. ती नव्वदीची, डोळ्यांनी अधू, पण मुक्काम गाण्यासारखे म्हणायची. रविवारी तो पुन्हा तिच्याकडं गेला. तिनं पहिल्यापासून सुरू केलं आणि चौदाव्याशी थांबली. मागच्या वेळीही थांबली होती, तेव्हा त्याला वाटलं होतं म्हातारीला दम लागला. या वेळी त्यानं घड्याळ पाहिलं. पाऊण मिनिट ओठ गच्च मिटलेले. मग पंधरावा.

"याडी, मधी काय हाये?"

"मधी काही नाही, बापू."

पुढच्या रविवारी तो दिग्रसच्या बाजूच्या तांड्यात धावजी नाईकाकडं गेला. धावजीनं आणि मोतीबाईनं एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. धावजीही चौदाव्याशी गप्प झाला. पाऊण मिनिटच. मागं चुलीपाशी त्याची सून शेजारणीशी बोलत होती. सासरा थांबला तशी तीही थांबली आणि तो बोलायला लागल्यावरच बोलली.

"सून पन थांबली," खेमसिंग मला म्हणाला. "तिले तं यादी येतही नाही."

प्रबंध द्यायला दीड महिना उरला होता. त्यानं नकाशावर नऊ मैल मोजले आणि भर दुपारी सायकल घेऊन एकटाच निघाला. मला 'येतं का' म्हणून विचारलं होतं, मी ऊन फार आहे म्हणालो.

जागा सापडली. सपाट, मोकळं रान आणि दगडानं बांधलेली विहीर. मे महिना, गावोगावच्या विहिरींनी तळ गाठलेला. हिच्यात वाकून हात बुडेल इतकं पाणी होतं. पण काठावर एका खुराची खूण नव्हती, पाखरू नव्हतं. खेमसिंगला त्याचं काही वाटलं नाही. मुक्काम मिळाला या आनंदात तो रान पावलांनी मोजायला लागला. मोठ्यानं मोजत होता, एक, दोन, तीन.

अकराच्या पुढं त्याला आणखी एक आवाज ऐकू आला. घुमत असेल, असं वाटलं. पण तो मराठीत मोजत होता आणि आवाज गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत, येत होता. सत्ताविसाला तो थांबला. आवाज थांबला नाही. बाईचा होता, थकलेला, जमिनीलगतचा, पडल्यापडल्या बोलावं तसा. मग पलीकडून दुसरा. मग एका पोराचा. सगळे मोजत होते आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा होता.

त्यानं सायकल हातात धरली आणि सडक येईपर्यंत तोंड उघडलं नाही. तिथून तडक मोतीबाईकडं. त्याच्या श्वासावरूनच तिनं ओळखलं.

"तिथं बोलला का तू?"

"मोजत होतो, याडी."

तिनं त्याला जवळ बसवलं. मग म्हणाली, "माया मायच्या लहानपनी मरी आली. त्या मुक्कामावर एकवीस जनं पडले. जित्ते होते, बापू, पन उठता येत नव्हतं. थांबलो असतो तं सारेच गेलो असतो. नायकानं त्याइले सांगतलं, बैलं चाराले नेऊन आनतो, किती परत येतात ते तुमी मोजत राहा. मंग घंट्याइत गवत कोंबलं, पोराइच्या तोंडावर हात ठेवले, आन् निंगून गेले."

"मंग आता काहून गप्प राहाचं?"

"आवाज आला तं त्याइले वाटते, तांडा आला."

"त्याइच्यात आपलं कोन होतं?"

"सारेच आपले. पन त्याइचा वंश नाही चालला. तू, मी, आपून सारे निंगून गेलेल्याइचे."

आठ दिवस त्यानं लेखणी उचलली नाही. शाळेच्या सुट्ट्या होत्या, तो माझ्या ओसरीवर येऊन बसायचा. लिहिलं तर पदवीसाठी त्यांना विकलं असं होईल, नाही लिहिलं तर दुसऱ्यांदा सोडून आलो असं होईल, हेच त्याचं चाललं होतं. शेवटी त्यानं ओळ घातली. अनुक्रम पंधरा, अंतर नऊ मैल, पाणी बारमाही. नावाची जागा कोरी.

"नाव राहून गेलं का, मास्तर?" मोहिउद्दीननं विचारलं.

"राहू दे."

मोहिउद्दीननं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि कागद एक ओळ वर सरकवला.

पुढच्या साली नागपुरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच ओळ धरली. नाव मिळालं नाही की घेतलं नाही, असं त्यांनी विचारलं. "सांगणाऱ्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारणं थांबवलं," खेमसिंग म्हणाला. परीक्षकांना ते पटलं नाही. संशोधकानं असं थांबू नये, असं त्यांनी ऐकवलंही. पण बाकीचं काम पक्कं होतं, पदवी मिळाली. तांड्यात गूळ वाटला गेला.

त्याच वर्षी त्याला यवतमाळला कॉलेजात नोकरी लागली. पुढं त्यानं काही लिहिलं नाही. मी कधी विचारलं तर म्हणायचा, "पोट्ट्याइचे पेपर तपासून राह्यलो," आणि चहा सांगायला उठायचा.