मालकांचं नाव

मी मेढ्याच्या वरच्या अंगाला एका गावात आशाताई आहे. घरोघर फिरून लोकांच्या दुखण्यांवर नजर ठेवायची, हे माझं काम. पण स्वतःच्या घरातलं दुखणं दाखवायला गेले, तर आमचे हे माझ्याच अंगावर आले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दळण घेऊन गिरणीत जायच्या आणि डबा तिथंच विसरून यायच्या. एकदा दूध गॅसवर ठेवून शेजारी जाऊन बसल्या, पातेलं पार कोळसा झालं. घरच पेटायचं ते वाचलं. मी म्हटलं, साताऱ्याला दाखवू. तर हे म्हणतात, "वय झालंय तिचं. शिबिरात चार गोष्टी शिकून आलीस म्हणून घरातच पेशंट शोधतीस व्हय?" असा राग आला मला. पण आई त्यांची. त्यांच्या होकाराशिवाय आत्यांना गाडीत बसवणार कशी?

मग आरोग्य खात्यानं गावच्या उपकेंद्रात म्हाताऱ्या माणसांच्या विसराळूपणाची तपासणी ठेवली. आत्यांना मी गोड बोलून नेलं. हे शिरवळच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले, तसेच पाठोपाठ आले. खोट काढायलाच.

डॉक्टरीण शहरातली तरुण पोरगी, बोलायला मायाळू. तिनं विचारलं, "आजी, तुमच्या मालकांचं नाव काय?"

आत्या खाली बघत गप्प. हे हसले. "आवं मॅडम, आमच्यात बायका मालकाचं नाव घेत न्हाईत. ह्याला विसरणं म्हणता व्हय?"

खरंच होतं. मी तरी यांचं नाव कुठं घेते? वाटलं, सगळं पाण्यात गेलं.

डॉक्टरीण ओशाळली. म्हणाली, "मग उखाण्यात घ्या की आजी."

खोलीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत आणि नवरा गेलेल्या बाईला उखाणा घ्यायला आमच्याकडं कुणी सांगत नाही. त्या पोरीला काय माहीत. मी पुढं होऊन आवरणार, तेवढ्यात आत्यांनी पदर सारखा केला, लाजल्या आणि नव्या नवरीसारखा झोकात उखाणा घेतला. एक शब्द चुकला नाही. मग यांच्याकडं वळून म्हणाल्या, "चल लेका, आटप लवकर. मालक शेतातनं येतील. माज्यासाठी जेवायचं थांबत्यात."

यांचा चेहरा बघवेना. बापाला अग्नी यांनीच दिलेला. आता आईला खरं काय ते सुनावणार, असं मला वाटलं. पण यांनी तिचा हात हातात घेतला. "व्हय आई. येऊ देत. आपण आधी साताऱ्याला जाऊन येऊ."

साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. पूर्ण बरा होणारा नाही, पण लवकर आणलंत, औषधानं आणि नीट सांभाळल्यानं पुष्कळ दिवस चांगले जातील, म्हणाले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी आम्ही दोघं डेअरीवर दूध घालायला गेलो. रांगेतला एक जण यांना हसत म्हणाला, "म्हातारीला चळ लागलाय म्हणं."

"चळ न्हाई गड्या, आजार हाय," हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माज्या आईला विसरायचा आजार हाय. कुठं वाट चुकलेली दिसली तर हाताला धरून घरी आणा. आन् तुजी आईबी एकच गोष्ट चारदा इचारती न्हवं? लाजू नगं. माज्या बायकूला दाखीव. तिला त्यातलं लय कळतं."

इतका अभिमान मला यांचा लग्नात हार घालतानाही वाटला नव्हता. रांग सगळी वळून माझ्याकडं बघायला लागली. मी दुधाची किटली खाली ठेवली आणि त्या माणसाला म्हटलं, "उद्या सकाळी घेऊन या आईला. मी हाय."