काटासाहेबांची गारगोटी

तीस वर्षं ज्याने दुकानोदुकानी जाऊन तराजू आणि वजनं तपासली, खोट्या मापावर कधी सरकारी शिक्का मारला नाही, एका केळ्याचीही लाच खाल्ली नाही, असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? पेपर वाचील, फिरायला जाईल, बायकोच्या कामात नाक खुपसील. ही तिन्ही कामं काटासाहेबांनी पंधरा दिवसांत उरकली आणि मग ते दगडांच्या मागे लागले. खरं नाव काहीतरी होतं बिचाऱ्यांचं, पण गल्लीत ते काटासाहेब म्हणूनच ओळखले जायचे.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे सोन्याचा दात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका किराणावाल्याने चिडून अर्धा किलोचं वजन त्यांच्या तोंडावर फेकलं. पुढे तेच वजन तपासलं तर चाळीस ग्रॅम कमी भरलं. काटासाहेब सांगायचे, म्हणूनच दात अर्धा वाचला, माप बरोबर असतं तर मुळासकट गेला असता. त्या अर्ध्या दातावर टोपी बसवायला आईने आपलं एक कानातलं काढून दिलं होतं. हसले की सुळ्याशेजारी चमकायचं ते.

तर दगड. टेकडीमागच्या बंद पडलेल्या खाणीत त्यांना एक पांढरीशुभ्र गारगोटी मिळाली. तिच्यात तांबूस गंजासारखी रेघ, आणि रेघेत काहीतरी पिवळं. झालं, साहेब वाचनालयातून पुस्तक घेऊन आले. पुस्तकात लिहिलं होतं की गारगोटीतलं सोनं बहुधा अशा गंजक्या रेघेतच दडून बसतं. दगड ओला केला की रंग नीट दिसतात. खाणीत पाणी कुठून आणणार? साहेब दगड चाटून बघू लागले. पिशवीभर दगड चाटून माणूस संध्याकाळी घरी यायचा आणि म्हणायचा, आज भूक नाही.

ती पहिली गारगोटी मात्र त्यांनी खिडकीत ठेवली. तिला शेवटी फोडायचं, आधी हात बसू दे, असं ठरलं. हात बसवण्यात घराची जी दैना झाली ती काय सांगावी! लोखंडी खलबत्ता गेला दगड कुटायला, पिठाची चाळणी गेली भुकटी चाळायला, परात गेली पाण्यात ती भुकटी घोळवायला. हलकी वाळू पाण्याबरोबर बाहेर जाते, जड सोनं तळाशी राहतं, हे साहेबांनी बायकोला चार वेळा समजावलं. ती म्हणाली, तळाशी राहायचं ते राहू दे, माझी परात कधी मोकळी होणार तेवढं सांगा. तापवून पाण्यात टाकला की दगड ठिसूळ होतो म्हणून एकदा त्यांनी दगड गॅसवर ठेवला. तो पाण्यात जायच्या आधीच फुटला, आणि झाकणी उडून छताला जी आपटली ती खूण अजून तिथे आहे.

एवढं करून सापडलं काय, तर फसवं सोनं. पिवळं धमक दिसायचं, पण हातोडी बसली की त्याचा काळपट भुगा व्हायचा. खरं सोनं फुटत नाही, ते चपटं होतं.

अखेर बायकोने निर्वाणीचं सांगितलं, रविवारपर्यंत कणभर सोनं दाखवा. नाहीतर हे सगळे दगड शेजारचा गवंडी त्याच्या पाण्याच्या टाकीच्या पायाभरणीत घालणार आहे, मी त्याला हातगाडी घेऊन बोलावलंय.

साहेबांना ते फार लागलं. जन्मभर दुसऱ्याचं माप बरोबर आहे की नाही एवढंच बघितलं, एकदा तरी आपलं म्हणून काही काट्यावर पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा.

शनिवारी ते सकाळपासून अंगणात बसले. सोन्यावर दाताची खूण उमटते, असंही कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. एका दगडातून पिवळा खडा डोकावत होता, तो त्यांनी दातांत धरून कचकन चावला. तोंडात काहीतरी तुटलं. साहेबांना वाटलं, दगडाचा तुकडा पडला. त्यात सोनं असलं तर? टाकायचं कसं? त्यांनी तो नीट खलबत्त्यातच थुंकला आणि वरून दगड टाकून कुटायला घेतलं. जीभ कुठेतरी खरखरत होती, पण दगड चाटणाऱ्या माणसाची जीभ खरखरायचीच.

परातीत घोळवता घोळवता वाळू ओसरली आणि तळाशी डाळीएवढा पिवळा पापुद्रा उरला. हातोडी मारली, फुटला नाही. आणखी मारली, आणखी पसरला. साहेबांनी तो कागदाच्या पुडीत बांधला. बायकोला एवढंच म्हणाले की उद्या बोलतो, आणि रात्रभर पुडी उशाशी ठेवून जागे राहिले.

रविवारी दुकान उघडताच ते सोनारासमोर हजर. सोनाराने पापुद्रा कसोटीच्या दगडावर घासला, भिंगातून बघितला, मग साहेबांकडे बघितलं. म्हणाला, सोनं खरं आहे, पण यात तांबं मिसळलंय, हे घडवलेलं सोनं आहे, खाणीतलं नव्हे. मग भिंग पुन्हा उचलून म्हणाला, "साहेब, तोंड उघडा बघू."

परतीच्या वाटेवर साहेबांनी जिभेने ती जागा शंभरदा चाचपली. आईचं कानातलं त्यांनी स्वतःच्या हाताने कुटलं होतं. डोळे भरून आले. तरीही मनात एक चोर शिरलाच, सोनं तर आहे ना? खलबत्त्यातूनच निघालं ना? बायकोला कशाला सांगायचं बाकीचं?

दारात गवंडी हातगाडी घेऊन उभा होता आणि बायको कमरेवर हात ठेवून. साहेबांनी पुडी तिच्या हातात दिली.

"सोनं आहे," ते म्हणाले. "पण दगडातलं नाही. माझ्या दातातलं आहे."

"माहितीये. कालपासून तुमच्या बोलण्यात शिट्टी वाजतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी, घरच्या खोट्या मापावर शिक्का मारता का ते." तिने पुडी उघडली, पापुद्रा बोटाने हलवून बघितला आणि तिचा आवाज बदलला. "पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा या दाताने हसला होतात, म्हणून हो म्हटलं मी. आधी हा परत बसवून या."

गवंड्याने सगळे दगड गाडीत भरले. शेवटी खिडकीतल्या गारगोटीला हात घालायला गेला, तर बायकोने त्याला अडवलं.

"ती राहू दे," ती म्हणाली. "ती अजून तपासायचीय त्यांना."