चहाआधीचं रक्त

भुकेचं संप्रेरक उपाशी माणसाच्या रक्तात चढतं आणि खाल्लं की उतरतं, हे पहिल्याच दिवशी मॅडमनी मला फळ्यावर रेघ काढून समजावलं होतं. माझ्या नमुन्यांत मात्र ते उपाशीपोटीच उतरलेलं.

मॅडम म्हणजे अमरावतीतल्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, पुण्याच्या, शब्दाला पक्क्या. तिथे मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकणाऱ्या बायकांचं रक्त सकाळी घ्यायचं आणि बर्फाच्या पेटीतून बसने आणायचं, हे माझं काम. मी त्या बायकांच्याच गल्लीतली, म्हणून तर मला घेतलेलं. दोन महिन्यांनी मॅडमनी निकाल समोर ठेवले. म्हणाल्या, बर्फ वितळू दिलास, नमुने वाया गेले. आणखी एक फेरी बघू, नाहीतर दुसरं कोणीतरी शोधू. पेटी मांडीवर घेऊन दोन-दोन तास बसणारी मी! रागाने कान तापले, पण पुराव्याशिवाय तोंड उघडून काय उपयोग?

पुढच्या फेरीला पहिल्याच घरी मी छापील अर्ज वाचला, रात्रीपासून काही खाल्लं आहे का. काकूंनी नेहमीसारखं 'नाही' असं उत्तर दिलं. ओट्यावर उष्टे कप दिसत होते. मी अर्ज बाजूला ठेवला.

"काकू, चहा घेतला काय?"

"घेतला ना. चहाले का कोनी खानं म्हनते? सुई टोचाची होती, म्हनून साखर जराशी जास्तच टाकली."

अख्ख्या गल्लीत तेच. आमच्याकडे मंडईला निघालेली बाई जेवणाशिवाय निघेल, चहाशिवाय नाही. मी स्वतः रोज चहा पिऊनच बस धरत होते आणि तरी हे मला सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या दिवशी मी कोणाचंच रक्त घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी थर्मासभर चहा आणि टोस्ट घेऊन गेले आणि सांगितलं, आधी सुई, मग चहा, आणि चहा माझ्याकडून. बायकांनी मला पोटभर शिव्या घातल्या, पण थांबल्या. पेटी तीच, बर्फ तेवढाच, बसही तीच.

आठवड्याने निकाल आले. एकूण एक नमुन्यात संप्रेरक चढलेलं. मॅडमनी कागद दोनदा उलटून पाहिले, माझ्याकडून चहाची सगळी हकीकत ऐकली, मग सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"अर्ज मी लिहिला होता, चूक माझी. नवा अर्ज तू लिही. आणि इथेच राहा."

मी फार शहाण्यासारखी मान हलवली. बाहेर पडल्यावर राजापेठेच्या भर गर्दीत एकटीच मोठ्याने हसले. लोक वळून बघत होते, बघेनात का.

नवा अर्ज त्याच संध्याकाळी लिहिला, सगळाच्या सगळा वऱ्हाडीत. मॅडमनी तो मोठ्याने वाचला, दोन शब्दांचे अर्थ मला विचारून घेतले आणि एक अक्षरही न खोडता खाली सही केली.