शेजारच्या पिंजऱ्यातला उंदीर

प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल तो करी, म्हणून त्याला सगळे उंदीरमामा म्हणत. उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी तो किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळायचा, कारण खणखणाट झाला की उंदीर बिचकतात आणि प्रयोगाचा विचका होतो. आत तो शिंकसुद्धा दाबून धरी. त्याने पिंजऱ्यात हात घातला की उंदीर आपण होऊन जवळ यायचे.

दिवसभर गिळलेला आवाज मग घरी बाहेर पडायचा. टॉवेल ओला राहिला, एवढं निमित्तही पुरे. बोलणी खायची ती बायको. "पोरीला मात्र मी कधी बोट लावलं नाही," असं तो छातीठोकपणे सांगे. पोरीचं पोट सारखं दुखायचं. "शाळा बुडवायची नाटकं, दुसरं काय!" म्हणून तो उडवून लावी.

त्या दिवशी प्रयोग करणाऱ्या बाईंनी त्याला एका उंदराचं जठर दाखवलं. आत लाललाल व्रण पडले होते.

"ह्याला प्रयोगासाठी त्या अरुंद नळीत डांबलं होतं ना?" त्याने विचारलं.

"छे हो मामा, ह्याला कुणी हातही लावला नाही. हा शेजारच्या पिंजऱ्यात होता. डांबलेल्याचं किंचाळणं रोज ऐकायचा. तेवढ्यानंही मेंदूतली रसायनं बिघडतात, आणि पोट असं होतं."



संध्याकाळी घराच्या दाराशी त्याने किल्ल्या रुमालात गुंडाळल्या. आत मायलेकी खिदळत होत्या. आपल्या घरात असं हसतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पाऊल न वाजवता तो आत गेला.

त्याला पाहताच हसणं थांबलं, आणि पोरीचा हात आपसूक पोटावर गेला.