दारावरच्या पिशव्या

बेकरीवाले काका बोलायच्या आधी घसा खाकरायचे, मिशीवरचा मैदा झटकायचे आणि मग हळूच म्हणायचे, "आता बघा." त्या वर्षी तर ऐकणाऱ्याची सुटकाच नव्हती. रोजचे दोनशे ब्रेड अडीचशेवर गेले होते. आयुष्यभराची शिल्लक ओतून शेजारच्या गाळ्यात दुसरी भट्टी घालायचं त्यांनी पक्कं केलं होतं. सह्या उद्या व्हायच्या होत्या.

घरोघरी ब्रेड पोचवायच्या त्या थोरल्या वहिनी. तिथली रीत अशी, की ज्या बेकरीचा ब्रेड हवा तिची कापडी पिशवी लोक आदल्या संध्याकाळी दाराला अडकवायचे. काकांची पिशवी निळी, इतरांच्या पिवळ्या, लाल.

त्या सकाळी वहिनींनी काकांना फेरीला ओढून नेलं. काका निळ्या पिशव्या मोजत, मान डोलवत चालले होते.

"भावजी, आपल्या पुरे झाल्या," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांच्या मोजा."

जुन्या गल्लीत दहातल्या सहा निळ्या निघाल्या. मग नव्या इमारती लागल्या. तिथे जिने चढून काकांना धाप लागली, पण निळी पिशवी दहात जेमतेम एक. सगळं मिळून दहात तीन.

काका पायरीवर बसले. ब्रेड वाढलेत ना, एवढंच पुटपुटले.

"वाढले, कारण माणसं वाढली. नव्यांनी दुसऱ्याला धरलं. दोन वर्षांमागे गावातल्या दहा दारांतली सहा आपली होती."

तेवढ्यात पिवळी पिशवी काढायला एक बाई दारात आल्या. काकांनी अगदी अदबीनं विचारलं. त्या ओशाळल्या. ब्रेड तुमचाच चांगला, पण तुम्ही कापून देत नाही, आणि सकाळी डब्यांची घाई असते, म्हणाल्या. खरंच होतं ते. कापून मागणाऱ्याला काका आजवर सुरीच दाखवत आले होते.

गाळ्याला त्यांनी त्याच दुपारी नकार कळवला आणि ब्रेड कापायचं एक यंत्र आणलं. वर्षभरात दहात पाच दारं निळी झाली.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं, की आधी वहिनींची गोष्ट: नाहीतर दोन भट्ट्या असत्या हो, आणि खाणारं कुणी नसतं. यंत्र घरघरत असतं, रांग ताटकळत असते.

शेवटी आतून वहिनीच म्हणतात, "भावजी, आभार पोचले. आता त्यांना ब्रेड द्या."